एअर इन्टेक: खांब चार ते खांब चौदा

१ मार्च, रविवार. सकाळी ७.००
आजपासून रोजनिशी. वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. कोणी वाचायची नाही, म्हणून सगळं खरं लिहिता येईल. कपाटात शर्टांच्या खाली ठेवणार. माझ्या शर्टांना ही कधी हात लावत नाही. म्हणजे धुते, इस्त्री करून रचून ठेवते, पण तेवढंच.

संकल्प तीन. रोज लिहिणे. पोट कमी करणे. गाडीला एअर इन्टेक बसवणे. सुरुवात तिसऱ्यापासून, कारण त्यात पळावं लागत नाही.

७.२५
इन्टेकचं शास्त्र इथे नोंदवून ठेवतो. इंजिनात हवा जाते, पेट्रोल जातं, दोन्ही मिळून पेटतं. हवा जास्त तर ताकद जास्त. आणि कंपनी काय करते? काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात फिल्टर कोंबून इंजिनाचा गळा आवळते. चॅनेलवाला (फोनवर गाड्यांचे व्हिडिओ टाकतो, टोपी उलटी घालतो, पण माणूस अभ्यासू) म्हणतो, डबा फेका, उघडा लाल फिल्टर लावा, पंधरा टक्के पॉवर वाढलीच समजा. पंधरा! नुसता एक डबा काढून! इतकी वर्षं आपण मूर्खासारखे डबा घेऊन फिरत होतो.

गाडी तशी हिच्या नावावर आहे. सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर दोन्ही मुलींना एकाच दिवशी, एकाच मॉडेलची, एकाच रंगाची गाडी घेऊन दिली. दुसरी साडूकडे आहे. तो ती धूतसुद्धा नाही. हिला चालवता येत नाही, त्यामुळे गाडी माझीच म्हणायची.

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी
ही तलावावर पोहण्याची कोच आहे. आज तिला पत्र आलं. अडतीस किलोमीटरवर नवीन तलाव होतोय, तिथे हेड कोच म्हणून बोलावलंय. १५ मेपर्यंत होकार कळवायचा, १ जूनला रुजू व्हायचं. पहिली बॅच पहाटे साडेपाचला, आणि त्या वेळी तिकडे बस जात नाही. म्हणाली, अहो, मला गाडी शिकवाल का? सकाळी गाडी मला लागेल. एकवीस वर्षं उथळ टोकाला उभी आहे, म्हणाली.

मी म्हटलं, शिकवतो की, त्यात काय! फक्त आधी इन्टेक बसू दे, इंजिन जरा सेटल होऊ दे. नवशिक्याने क्लच दाबला की माझी रीडिंग बिघडतात. ती म्हणाली, कसली रीडिंग? इथेच तर सगळी गोम आहे. बायकांना गाडी म्हणजे फक्त कुठेतरी जायचं साधन वाटतं.

८ मार्च, रविवार. सकाळी ९.४०
मूळ मोजमाप झालं. चॅनेलवाला पॉवर नुसत्या बुडाने ओळखतो, सीटवर पाठ दाबली गेली की झालं. मी तसला माणूस नाही. माझा धंदाच मोजण्याचा. बावीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासतोय. अंगठा ठेवून तोलणारा दुकानदार मला दहा फुटांवरून कळतो. माणसाकडे नुसतं बघून वजन सांगतो, एक किलोनेही चुकत नाही.

गोदामामागे सरळ, रिकामा रस्ता आहे. विजेचे खांब चाळीस-चाळीस मीटरवर. खांब चार ते खांब चौदा म्हणजे बरोबर चारशे मीटर, सरकारी टेपने मोजले. हिला खांब चौदाशी उभं केलं. स्टॉपवॉच तिचंच, तलावावरचं. मी दिवा मारला की सुरू, चौदाच्या पुढे गेलो की बंद. तीन फेऱ्या: १९.८, १९.८, १९.८. तिन्ही सारख्या! मानलं पाहिजे, हिला बाकी काही जमो न जमो, अंगठा घड्याळासारखा आहे.

गोदामाचा वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होता. त्याला शास्त्र समजावलं. त्याने जांभई दिली.

१४ मार्च, शनिवार
पार्सल आलं. लाल फिल्टर, चकचकीत पाइप. पाच मिनिटं नुसता हातात धरून बसलो. मेस्त्रीकडे नेला तर त्याने नाक मुरडलं. म्हणाला, साहेब, इंजिनाला लागेल तेवढी हवा त्या डब्यातून जातेच आहे. त्याचं नळकांडं बंपरच्या मागून थंड हवा ओढतं. तुम्ही ते काढून बॉनेटखालची गरम हवा पाजणार. गरम हवा पातळ. ताकद जाईल, आवाज तेवढा येईल. रेसच्या गाडीला सगळंच बदलतात, तिथे हे शोभतं. तुमच्या गाडीला कशाला?

मेस्त्री जुन्या पिढीचा. व्हिडिओ बघत नाही.

१५ मार्च, रविवार. दुपारी २.००
स्वतः बसवला. हाताला दोन ठिकाणी कापलं. जुना डबा माळ्यावर टाकला. आणि आवाज! काय सांगू! अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली कोणीतरी जोरात श्वास घेतं. पॉवर वाढल्याचं कानालाच कळतं. मोजणं ही नुसती औपचारिकता होती.

पण हिने सगळा विचका केला. पहिली फेरी, म्हणाली २०.१. दुसरी २०.२. तिसरी परत २०.१. मी खाली उतरून शांतपणे विचारलं, बटण नीट दाबतेस का? ती म्हणाली, एकवीस वर्षं हेच करतेय. मी म्हटलं, तेच तर, चव्वेचाळीस वय झालं, या वयात अंगठा मंदावतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. परत फेरी. परत २०.२. मी म्हटलं, तुझ्या नोकरीचं डोक्यात आहे, लक्ष कुठे आहे इथे! उन्हात लालबुंद झाली होती, पाणी मागत होती. पाण्याची बाटली गाडीत माझ्याजवळ होती, पण रीडिंगमध्ये खंड नको म्हणून दिली नाही.

नवव्या फेरीला १९.१! घड्याळ पर्समध्ये टाकून म्हणाली, आता घरी जायचं? वॉचमन हसला. त्यालाही आनंद झाला असावा. शेवटी चिकाटीने सत्य बाहेर येतंच. आणि हो, पाणी मग दिलं.

२० मार्च, शुक्रवार
एका किराणावाल्याला पकडलं. साखर तोलताना करंगळी ताटलीवर. भर दुकानात झापला. म्हटलं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं म्हणून खोटा आकडा खरा होतो काय? लाज वाटू दे जरा! गिऱ्हाइकं उभी राहून ऐकत होती. फार समाधान वाटलं. असं बोलणारी माणसं आता राहिली नाहीत.

२९ मार्च, रविवार
हिने परत विचारलं, गाडी कधी शिकवणार. सांगितलं, पुढच्या रविवारी. पाइपला उष्णता लागू नये म्हणून त्याला चांदीसारखी पट्टी गुंडाळतोय. थंड हवेचा मुद्दा मेस्त्रीचा होता असं नाही, माझ्याही डोक्यात होताच.

५ एप्रिल, रविवार. सकाळी १०.१५
पट्टी गुंडाळून पहिलीच फेरी, १८.७! हिने एका फटक्यात सांगितलं. मी म्हटलं, आणखी एक घेऊ या? ती म्हणाली, कशाला, आकडा चांगला आहे ना. किती सुधारली आहे ही! मार्चमधली बाई आणि ही बाई, फरक बघा. माझ्या बोलण्याचा परिणाम.

गाडी शिकवायचं राहिलं. इतका चांगला आकडा आल्यावर त्याच दिवशी नवा हात लावणं बरं दिसत नाही.

११ एप्रिल, शनिवार
पेट्रोल आधीपेक्षा लवकर संपतंय. उघड आहे, ताकद जास्त तर खाणंही जास्त. पैलवान काय पोपटाएवढं खातो? डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. मेस्त्री म्हणतो, लाल फिल्टरचं तेल हवेच्या सेन्सरवर उडालंय, आता इंजिनाला कळत नाही हवा किती येतेय. म्हणजे त्याच्या मते मोजणारं यंत्रच आंधळं झालंय. हसू आलं. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिसायचा बंद झाला.

२२ एप्रिल, बुधवार
ही हल्ली रोज दुपारी तासभर बाहेर असते. म्हणते, जास्तीची बॅच आहे. पण केस कोरडे. तलावाला पाणी कमी पडत असणार. डावी पोटरी दुखते म्हणते. मी म्हटलं, वय. तेल लावून घे. मला लावून द्यायला वेळ नव्हता, क्लबचा फॉर्म भरत होतो.

फॉर्मबद्दल: गाड्यांचा क्लब १७ मेला जुन्या धावपट्टीवर टायमिंगचा दिवस ठेवतोय. चारशे मीटर. मशीनवर मोजतात, प्रकाशाचा किरण तुटला की आकडा मोठ्या पाटीवर. चला, आता जगाला दिसेल. साडूला फोन करून बोलावलं, म्हटलं, तुझी गाडी घेऊन ये, तुलना होईल. तीच गाडी, तोच रंग, फक्त तुझी डब्यावाली. तो म्हणाला, माझी कंबर दुखते, पण बायकोला विचारतो. बिचारा. घाबरला.

३ मे, रविवार
१८.२!! मूळ आकड्यापेक्षा दीड सेकंदाहून जास्त खाली. चॅनेलवाल्याला मेसेज टाकला. त्याने अंगठा पाठवला. वॉचमनला सांगितलं तर तो म्हणाला, आज गाडी दमलेली वाटली, साहेब. असल्या लोकांना काय सांगायचं.

हिने विचारलं, होकाराचं काय करू? बारा दिवस राहिलेत. मी नीट समजावलं. गाडी आता साधी राहिली नाही, ती सांभाळायला अनुभवी हात लागतो. आणि अडतीस किलोमीटर रोज, पहाटे, या वयात! हेड कोच काय, उथळ टोकालाही मुलं असतातच ना. तिने घड्याळ पर्समध्ये टाकलं. पटलं असावं.

१२ मे, मंगळवार
रात्रीच्या जेवणाला म्हणाली, मी कळवून टाकलं. मी म्हटलं, शाब्बास, आता कसं हलकं वाटतं की नाही? म्हणाली, हो, खूप. बघा! निर्णय घेतला की माणसाला बरं वाटतं. काय कळवलं ते विचारायची गरजच नव्हती. दोन वेळा जास्तीचं वाढून घेतलं. पोटाचा संकल्प जूनपासून.

१७ मे, रविवार. सकाळी ५.५०
निघतोय. ही माझ्या गाडीत बसली नाही. म्हणाली, वजन कशाला वाढवू, मी बहिणीच्या गाडीतून येते. इतका बारकाईने विचार करते आता. डोळ्यांत पाणीच आलं.

त्याच दिवशी. रात्री ८.००
थोडक्यात लिहितो.

मेव्हणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, गाडी घेऊन आली. साडू कंबर धरून पुढे बसलेला. सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर डबे. पंचाहत्तरेक माणसं होती. मी सगळ्यांना बॉनेट उघडून दाखवलं. एका पोराने विचारलं, काका, ती चांदीची पट्टी कशाला? त्याला दहा मिनिटं समजावलं.

माझी पाळी. दिवा हिरवा, आवाज तर असा की लोकांनी मान वळवली. शेवटची रेघ पार केली, पाटीकडे बघितलं. २०.९.

मी क्लबवाल्याला म्हटलं, मशीन तपासा. तो म्हणाला, परत जा. परत गेलो. २१.०.

तेवढ्यात साडूची गाडी रांगेत दिसली. साडू तर बाकावर बसून सँडविच खात होता. मेव्हणी त्याच्या शेजारी. मग चालवतंय कोण? हेल्मेट घातलेली बाई. खिडकीतून कोपर बाहेर. ही. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांनाही हेल्मेट, कारण त्या म्हणाल्या, उन्हात मी उतरणार नाही. अंदाजे अठ्ठ्याहत्तर किलो, अधिक डबे.

गाडीचा काही आवाजच नाही. नुसती गेली. पाटीवर २०.२.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी खिडकीतून हात केला. मग सासूबाईंना उतरवून, सावलीत बसवून ही परत गेली. १९.८.

तो दहा मिनिटांचा पोरगा म्हणाला, काका, तुमचा तो लाल फिल्टर काढा आणि काकूंसारखं करा. सगळे हसले. साडूसुद्धा हसला, आणि मग कंबर धरून कळवळला, तेवढंच काय ते बरं झालं.

मी सगळ्यांसमोर हिला विचारलं, तू तर १८.२ म्हणाली होतीस! ती हेल्मेट काढत म्हणाली, हो, म्हणाले होते. कसं शिकलीस, विचारलं. म्हणाली, ड्रायव्हिंग स्कूल, दुपारी तीन ते चार. लायसन्स दाखवलं. फोटो चांगला आलाय.

१८ मे, सोमवार. सकाळी
नीट विचार केला. कारणं सापडली. एक, धावपट्टीवर वारा उलटा होता. दोन, माझं पोट. तीन, सगळ्यात महत्त्वाचं: त्या किरणाच्या मशीनवर आमच्या खात्याचा तपासणीचा शिक्का नव्हता! मी स्वतः पाहिलं. बिनशिक्क्याच्या मापाला कायद्याने काडीची किंमत नाही. क्लबला नोटीस काढतो.

संध्याकाळी
साहेबांनी नोटीस परत केली. म्हणाले, खातं वजनं-मापं तपासतं, तुमचा राग तपासत नाही. बाजूच्या टेबलावरचे दोघे खाली बघून हसत होते. कोणीतरी धावपट्टीचा व्हिडिओ दाखवला असणार. चॅनेलवाल्याला प्रश्न विचारला, त्याने ब्लॉक केलं.

२३ मे, शनिवार
हिच्याशी बोलायचं नाही ठरवलंय. पाच दिवस झाले. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही. गुणगुणत बॅग भरतेय.

३१ मे, रविवार. सकाळी १०.३०
मेस्त्री घरी आला. हिने बोलावलं होतं. माळ्यावर स्वतः चढून डबा उतरवला, पुसला, त्याच्या हातात दिला. त्याने वीस मिनिटांत माझा इन्टेक काढून डबा बसवला, सेन्सर साफ केला, आणि दिव्यावरची पट्टी नखाने ओरबाडून काढली. दिवा विझलेला होता. मी म्हटलं, मला न विचारता? मेस्त्री म्हणाला, साहेब, कागद बाईंच्या नावावर आहे.

होकारच कळवला होता तिने. नवीन तलावाजवळ खोलीही देतात. रोज येणं-जाणं नको म्हणाली, शनिवारी येईन जमलं तर. मी म्हटलं, आणि मी ऑफिसला कसा जाऊ? ती म्हणाली, तुमच्या ऑफिसला बस आहे. दर दहा मिनिटांनी. मग म्हणाली, शर्ट इस्त्री करून ठेवलेत.

गाडी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत खाली उभा होतो. क्लच छान सोडते. लाल फिल्टर हातात होता. वाईट वाटलं. लिहून टाकतो, कारण कोणी वाचत नाही.

२ जून, मंगळवार. सकाळी ६.१५
शर्ट काढताना वही उलटी पडली. मागचं शेवटचं पान उघडलं. पेन्सिलने, तिच्या कोचच्या अक्षरात, रेघा आखून:

१५ मार्च. सांगितले १९.१. खरे २०.२.
५ एप्रिल. सांगितले १८.७. खरे २०.५.
३ मे. सांगितले १८.२. खरे २०.८.

खाली: वय एक्केचाळीस आहे, चव्वेचाळीस नाही.
त्याखाली: आईचं वजन एकाहत्तर. कालच केलं.
त्याखाली: पाणी तुम्ही दिलं नव्हतं. मी वॉचमनकडून प्यायले.

ऑफिसला गेलो नाही.

३ जून, बुधवार
पेन्सिल आहे. खोडता येईल. खोडरबर घेऊन बसलो. सासूबाईंचं वजन खोडलं. पाण्याची ओळ खोडवेना. तशीच ठेवली.

६ जून, शनिवार
तलावावर स्पर्धा आहेत म्हणे. ही आली नाही. मेव्हणीकडून कळलं, सगळ्या लेनचं टायमिंग हीच घेते. पालक तिच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

७ जून, रविवार. सकाळी ८.३०
नवी सुरुवात. नवे बूट घेतलेत, हलके, सोलला हवा खेळायला भोकं. दुकानदार म्हणाला, चालण्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढतो. चालत ऑफिसला जाणार, पोटही कमी होईल. पण आधी मोजमाप, जुने बूट आणि नवे बूट, खांब चार ते खांब चौदा.

गोदामामागे गेलो. मोबाइलमध्ये घड्याळ आहे, पण चालता चालता आपणच बटण दाबलं की चूक येते. पलीकडच्या खांबाशी कोणीतरी उभं लागतं. वॉचमनला विचारलं, चौदाशी उभा राहशील का? त्याने खुर्चीतूनच विचारलं, साहेब, किती सांगायचे ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे मला उन्हात जायला नको.

मी रागाने परत निघालो. खांब सहापर्यंत गेलो. मग वळून आलो आणि म्हटलं, चार मिनिटं दहा.